चीन वाचायचा तर : इतिहासकार आणि त्यांनी मोजलेली किंमत

मराठी वाचकाच्या मनात चीनची दोन चित्रे ठळक असतात. एक सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथल्याच मातीत विसावले. दुसरे १९६२ च्या युद्धाचे. एका चित्रात स्नेह आहे, दुसऱ्यात सल आहे. पण दोन्ही चित्रांत चीन हा देश आपल्या संदर्भापुरताच येतो. त्याचा स्वतःचा म्हणून जो प्रदीर्घ इतिहास आहे, त्याची ओळख करून घ्यायची तर कोणती पुस्तके हाती घ्यावीत, असा प्रश्न अभ्यासू वाचक वारंवार विचारतात. उत्तरादाखल ग्रंथांची लांबलचक यादी देता येईल, पण यादीने दिशा मिळत नाही. चीनचा इतिहास वाचायचा तर चिनी माणसाने इतिहासलेखनाकडे कसे पाहिले, तिथून आरंभ करावा, असे आम्हांस वाटते. म्हणून पुढे जे मोजके ग्रंथ सुचवले आहेत, ते त्या एका धाग्यात ओवलेले आहेत.

इसवी सनापूर्वी ५४८ सालची एक हकिगत ‘त्सो च्वान’ या प्राचीन ग्रंथात आली आहे. छी राज्याचा प्रबळ मंत्री त्स्वे चू याने आपल्या राजाचा घात करविला. दरबारच्या इतिहासकाराने तशी स्पष्ट नोंद केली. मंत्र्याने त्याला ठार केले. त्याच्या जागी आलेल्या भावाने तीच नोंद केली. तोही मारला गेला. त्यामागून तिसराही गेला. चौथ्या भावाने पुन्हा तेच शब्द लिहिले, तेव्हा मात्र मंत्र्याने हात आवरला. दक्षिणेकडील आणखी एक इतिहासकार, सगळे भाऊ मारले गेले असे ऐकून, बांबूच्या पट्ट्या घेऊन निघाला होता. नोंद झाल्याचे कळल्यावर तो माघारी फिरला. ही कथा अक्षरशः घडली की नाही, हा प्रश्न इथे गौण आहे. चिनी परंपरेने ती शतकानुशतके जपली आणि इतिहासकाराचा धर्म म्हणून पुढच्या पिढ्यांना शिकवली, हे महत्त्वाचे.

या धर्माचा सर्वांत मोठा पुरुष म्हणजे हान राजवटीतील सिमा छ्येन. त्याचा ‘शी ची’ हा ग्रंथ पहिल्याने वाचावा. बर्टन वॉटसन यांनी केलेला निवडक भागांचा इंग्रजी अनुवाद सुबोध आहे. सुमारे अडीच हजार वर्षांचा इतिहास सांगणारी या ग्रंथाची १३० प्रकरणे आहेत. सम्राटांची वृत्ते १२, कालपट १०, विधी, पंचांग, जलव्यवस्था, अर्थकारण अशा विषयांवरील निबंध ८, सरंजामी घराण्यांची वृत्ते ३० आणि व्यक्तिचरित्रे ७०. त्या चरित्रांत सेनापती आणि तत्त्वज्ञ आहेत, तसेच मारेकरी, विदूषक आणि व्यापारीही आहेत. साधने गोळा करण्यासाठी सिमा छ्येन तरुणपणी दूरदूर हिंडला, स्थळे पाहिली, वृद्धांकडून आठवणी ऐकल्या. दप्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट करणाऱ्या राजवाड्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा माणूस परका वाटणार नाही.

इ. स. पू. ९९ मध्ये ली लिंग नावाचा सेनापती उत्तरेकडील श्युंगनू टोळ्यांना शरण गेला. साऱ्या दरबाराने त्याची निंदा केली. सिमा छ्येन एकटा त्याच्या बाजूने बोलला. सम्राट वू याच्या रोषामुळे त्याला मृत्युदंड फर्मावण्यात आला. द्रव्य भरून सुटका करून घेण्याची त्याची ऐपत नव्हती. मानी पुरुषाने अशा वेळी आत्महत्या करावी, अशी रीत होती. त्याने मात्र खच्चीकरणाची, म्हणजे मरणाहून लाजिरवाणी मानली जाणारी शिक्षा पत्करली. बापाने मृत्युशय्येवर सोपवलेला ग्रंथ अपुरा होता, एवढेच त्याचे कारण. रन आन या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली ही व्यथा मोकळी केली आहे. ग्रंथाआधी ते पत्र वाचावे, म्हणजे पुढच्या प्रत्येक पानाची किंमत कळते.

पुढे इतिहासलेखन हे राज्याचे खातेच बनले. नव्या राजवटीने मागल्या राजवटीचा इतिहास सिद्ध करायचा, ही प्रथा रूढ झाली आणि चोवीस अधिकृत इतिहासांची मालिका तयार झाली. जगात क्वचितच आढळेल असे हे सातत्य आहे. पण त्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. जिंकणाऱ्याने हरलेल्याचा इतिहास लिहिला, की शेवटचा राजा दुराचारी आणि नवा राजा दैवी आदेशाचा धनी ठरणे ओघानेच येते.

ही चौकट भेदून आत कसे पाहावे, हे रे हुआंग यांचे ‘१५८७, अ इयर ऑफ नो सिग्निफिकन्स’ (१९८१) शिकवते. ज्या वर्षी विशेष काही घडले नाही, असे वर्ष लेखकाने मुद्दाम निवडले आहे. सम्राट भर दुपारी दरबार भरवणार, अशा अफवेने राजधानीतले अधिकारी धावतपळत राजवाड्याकडे निघतात, आणि तसे काहीच नसते. या प्रसंगापासून मिंग राजवटीचे अंतरंग उलगडत जाते. आपल्या आवडीच्या मुलाला वारस नेमू न देणाऱ्या अधिकाऱ्यांवर रुसून राज्यकारभाराकडे पाठ फिरवणारा वानली सम्राट, मृत्यूनंतर बदनाम झालेला प्रधान चांग च्यूचंग, समुद्री लुटारूंना हटवूनही उपेक्षेत गेलेला सेनापती छी चीग्वांग आणि कमालीचा प्रामाणिक असूनही राज्ययंत्राला नकोसा झालेला हाय रुई, अशी माणसे इथे भेटतात. साम्राज्य रणांगणावर हरण्याआधी नीतिवचने आणि वास्तव यांच्यातल्या दरीत कसे खचते, हे या पुस्तकाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

त्यातल्या हाय रुईची कथा मिंग काळात संपली नाही. सम्राटाला त्याचे दोष लेखी कळवणारा हा अधिकारी विसाव्या शतकात नाटकाचा नायक झाला. मिंग इतिहासाचे अभ्यासक आणि पेकिंगचे उपमहापौर वू हान यांनी लिहिलेले ‘हाय रुईची बडतर्फी’ हे नाटक १९६१ मध्ये रंगमंचावर आले. त्याआधी, १९५९ मध्ये, माओंच्या ‘मोठ्या झेपे’च्या धोरणावर टीका केल्याबद्दल मार्शल फंग तहुआय यांना पदावरून दूर करण्यात आले होते. नाटकाचा रोख त्या प्रकरणाकडे आहे, असा आरोप पुढे झाला. नोव्हेंबर १९६५ मध्ये नाटकावर झालेला वृत्तपत्रीय हल्ला हीच सांस्कृतिक क्रांतीची नांदी ठरली. वू हान १९६९ मध्ये तुरुंगात वारले. चारशे वर्षांपूर्वीच्या एका अधिकाऱ्याविषयी लिहिणे ज्या देशात प्राणावर बेतू शकते, तिथे इतिहास हा निव्वळ भूतकाळाचा विषय राहत नाही.

ज्या ‘मोठ्या झेपे’वरून हे सारे घडले, तिच्या काळात पडलेल्या दुष्काळाचा वृत्तांत यांग चीशंग यांच्या ‘मूबेई’, म्हणजे ‘समाधिशिला’, या ग्रंथात आहे. लेखक शिन्हुआ वृत्तसंस्थेचे पत्रकार आणि पक्षाचे सदस्य. १९५९ मध्ये त्यांचे वडील उपासमारीने गेले. तो आपल्या घरापुरता दुर्दैवाचा घाला आहे, असेच तेव्हा त्यांना वाटले. पुढे कित्येक वर्षांनी, पत्रकार म्हणून मिळणाऱ्या प्रवेशाचा उपयोग करून, त्यांनी प्रांतोप्रांतीचे सरकारी दप्तर चाळले आणि मृतांची संख्या सुमारे ३ कोटी ६० लाख असावी, असा निष्कर्ष काढला. अन्य अभ्यासकांचे आकडे याहून कमी-अधिक आहेत. २००८ मध्ये हा ग्रंथ हाँगकाँगमध्ये निघाला. चीनच्या मुख्य भूमीवर त्याला मज्जाव आहे. संक्षिप्त इंग्रजी अनुवाद २०१२ पासून उपलब्ध आहे. आकडे आणि सरकारी अहवाल यांनी भरलेली ही पाने वाचायला जड जातात. पण बांबूच्या पट्ट्या घेऊन निघालेल्या त्या इतिहासकाराचा वंश खुंटलेला नाही, याची ती साक्ष आहेत.

दरबार आणि पक्ष यांच्या पलीकडला सामान्य माणूस पाहायचा असेल, तर जोनाथन स्पेन्स यांचे ‘द डेथ ऑफ वुमन वांग’ (१९७८) घ्यावे. शांतुंग प्रांतातील तानचंग हा सतराव्या शतकातला दरिद्री तालुका, १६६८ चा भूकंप, करवसुली, विधवांची कुचंबणा आणि घर सोडून पळालेली, परत आल्यावर नवऱ्याच्या हातून मेलेली एक अनाम स्त्री. स्थानिक वृत्तान्त, दंडाधिकाऱ्याच्या आठवणी आणि पू सुंगलिंगच्या अद्भुत कथा अशा तीनच साधनांवर स्पेन्स यांनी हे छोटेखानी पुस्तक उभे केले आहे. ज्यांना इतिहासाने नाव दिले नाही, त्यांच्यासाठीही इतिहासकार काही करू शकतो, हा दिलासा त्यातून मिळतो.

या साऱ्या वाचनात आपलाही चेहरा कुठे कुठे दिसतो. सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला तेव्हा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. इथले लोक उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे. हरलेल्या सेनापतीला ते शिक्षा करीत नाहीत, स्त्रीवेष देतात, असे त्याने नोंदवले. इ. स. ६४६ मध्ये तांग सम्राटासाठी पुरे झालेले हे प्रवासवर्णन मराठी माणूस अभिमानाने वाचतो. परंतु दुसरा आरसा तितका सुखद नाही. १८३९ मध्ये कँटनजवळ आयुक्त लिन त्सश्यू यांनी अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या आणि त्यातून पहिले अफूयुद्ध पेटले. तो व्यापार म्हणजे कंपनीच्या ताब्यातली बंगालची अफू, एवढेच आपण सहसा जाणतो. पण त्या काळी माळव्याची अफूही फार मोठ्या प्रमाणावर चीनला जात होती. ती पिकत होती होळकर-शिंद्यांच्या मुलखात. सौदे होत होते उज्जैन-इंदूरच्या पेढ्यांवर. आणि कंपनीचा मक्ता चुकवून ती बाहेर पडत होती पोर्तुगीजांच्या दमणमधून, पुढे परवाने घेऊन थेट मुंबईहून. अमर फारुकी यांचे ‘स्मगलिंग ॲज सबव्हर्शन’ (१९९८) आणि अमिताव घोष यांचे ‘स्मोक अँड ॲशेस’ (२०२३) ही दोन पुस्तके या व्यापाराचा हिशेब मांडतात. कंपनीच्या मक्त्याला शह देणाऱ्या देशी व्यापाऱ्यांचे कौतुक करावे, की कँटनच्या अफूबाज घरांची आठवण ठेवावी? आमच्या मते दोन्ही करणे प्राप्त आहे. चिनी शाळकरी मुलाला जे युद्ध राष्ट्रीय अपमानाचा आरंभ म्हणून शिकवले जाते, त्याच्या रसदीत आपल्या नगरांचा वाटा होता, हे इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकाने तरी जाणून असावे.

वाचनाचा क्रम म्हणाल तर प्रथम पॅट्रिशिया एब्री यांचा सचित्र इतिहास किंवा झाक जेर्ने यांचा चिनी संस्कृतीचा इतिहास हाताशी ठेवावा. राजवटींचा अनुक्रम आणि भूगोल त्यांतून पक्का होतो. मग सिमा छ्येन, त्यानंतर हुआंग आणि स्पेन्स, मग अफूचे ग्रंथ आणि अखेरीस यांग चीशंग. एवढे वाचायला वर्ष लागले तरी हरकत नाही. शेजाऱ्याविषयीचे मत वर्तमानपत्राच्या मथळ्यावरून एका सकाळीत बनवता येते; त्याला ओळखायला मात्र त्याने स्वतःविषयी काय लिहून ठेवले आणि ते लिहिण्यासाठी काय सोसले, हे वाचावेच लागते.