ऐरणीपासून वेल्डिंगपर्यंत

शिरूर अनंतपाळ घ्या, नाही तर मराठवाड्यातले दुसरे कुठलेही गाव घ्या. पूर्वी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायची म्हणजे लोहाराचे दार गाठावे लागे. तो पट्टीची दोन्ही टोके भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवी, एकावर एक ठेवी आणि घणाचे घाव घालून एकजीव करी. वेल्डिंग म्हणतात ते हेच! नाव नवे, पण काम जुने.

मात्र ही विद्या घराबाहेर जात नसे. मुलगा बापाजवळ भात्यावर बसे, पाहून पाहून शिके. सुगीला बलुत्याचे धान्य घरी येई. दुसऱ्या जातीच्या पोराला ऐरणीजवळ जागा नव्हती, आणि लोहाराच्या पोराला ऐरण सोडून जाणे सोपे नव्हते.

1880 नंतरच्या दशकात रशियाच्या निकोलाय बेनार्दोस यांनी विजेच्या प्रखर ज्योतीने धातू वितळवून सांधण्याची रीत पुढे आणली. घण बाजूला राहिला. आता वीज किती सोडायची, ज्योत किती अंतरावर धरायची, हात किती सावकाश न्यायचा, याचा हिशेब आला. आणि जे हिशेबात बसते, ते शाळेत शिकवता येते, कोणालाही!

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी सरकारने धंदेशिक्षण सुरू केले. फाळणीनंतर निर्वासितांनाही त्याचा आधार झाला. 1950 साली ते सर्व तरुणांना खुले झाले. आयटीआयची सुरुवात ती हीच. पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकण्याची सोय झाली.

आता लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना आहे. 25 डिसेंबर 2020 रोजी तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. असा सांगाडा वेल्डिंगनेच उभा राहतो, आणि तिथे अंदाजाचा सांधा चालत नाही.

गावातल्या उस्तादाजवळ हात चांगला बसतो, हे खरे. पण काळ्या काचेवाचून ज्योतीकडे पाहणाऱ्या पोराच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखी आग होते, आणि वर्षे राबूनही हाती दाखला नसतो. म्हणून गुरुजींना विनंती आहे : शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलामुलींना सांगा, वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. तिथे जात विचारून विद्या देत नाहीत.