गोरिला, हेल्मेट आणि साबणाचे फुगे

 सिनेमाची टर उडवणारा एक टीव्ही कार्यक्रम, आणि त्यातला माझा सगळ्यात लाडका, अगदी सुरुवातीच्या काळातला एक भाग.

'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' हे त्या कार्यक्रमाचं लांबलचक नाव. २४ नोव्हेंबर १९८८ ला मिनियापोलिसच्या केटीएमए या लोकल वाहिनीवर तो सुरू झाला. डोकं जोएल हॉजसनचं. अंतराळात अडकवलेला एक माणूस, त्याला जबरदस्तीने भंगार सिनेमे दाखवणारे वेडे शास्त्रज्ञ, आणि सोबतीला त्याने स्वतःच जोडलेले क्रो आणि टॉम सर्व्हो हे यंत्रमानव. आपल्याला सिनेमा दिसतो आणि पडद्याच्या खालच्या बाजूला या तिघांच्या काळ्या सावल्या. सिनेमाभर त्यांची शेरेबाजी चालू!

आता वागळे इस्टेटमध्ये वाढलेल्या माणसाला यात नवीन ते काय? एमआयडीसी १९६२ ची. कारखान्यांच्या आजूबाजूला किसननगर, श्रीनगरसारख्या वस्त्या वाढल्या. गणपतीत रस्त्यात पडदा बांधायचा आणि अर्ध्या गल्लीने उलट्या बाजूला बसायचं. तिथून अमिताभ डावखुरा दिसायचा (आपोआप!). प्रोजेक्टरच्या झोतात कुणी उभं राहिलं की त्याचं डोकं थेट हिरॉईनच्या गालावर. आणि कॉमेंट्री? दुसऱ्या पाळीहून आलेली मंडळी डबा हातात घेऊन जे शेरे मारायची, ते इथे छापता येणार नाहीत. मावशीही हा ब्लॉग वाचते. :-)

असो. तर लाडका भाग 'रोबोट मॉन्स्टर'चा. १९८९ च्या अखेरीस कार्यक्रम देशभर दिसणाऱ्या कॉमेडी चॅनेलवर गेला, त्या पहिल्या सीझनमधला. केटीएमएवर शेरे बरेचसे ऐनवेळी सुचतील तसे असत. इथून मात्र सिनेमा पुन्हा पुन्हा बघून, लिहून काढायला सुरुवात झाली.

मूळ सिनेमा १९५३ चा, दिग्दर्शक फिल टकर. जेमतेम सोळा हजार डॉलर आणि चार दिवसांचं शूटिंग, तेही थ्री-डीमध्ये! रो-मॅन नावाचा परग्रहावरचा यंत्रमानव आठ माणसं सोडून सगळी मानवजात संपवतो. पण यंत्रमानवाचा पोशाख करायला पैसे नाहीत. जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. त्यालाच बोलावला आणि वर पाणबुड्यासारखं हेल्मेट चढवलं. झाला यंत्रमानव! त्याच्या गुहेत एक यंत्र, त्यातून साबणाचे फुगे. त्या फुग्यांच्या यंत्राचं नाव चक्क श्रेयनामावलीत आहे. आणि संगीत कुणाचं? एल्मर बर्नस्टीनचं, ज्याने पुढे १९६० साली 'द मॅग्निफिसंट सेव्हन'ला संगीत दिलं. रो-मॅन टेकडी चढतो, उतरतो, परत चढतो. शेवटाकडे दुसऱ्याच सिनेमातले डायनोसोर काहीही कारण नसताना येऊन जातात. जोएल आणि कंपनीला आणखी काय हवं?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे हे झालंच की. झालं. १८ ऑगस्ट २०१४ ला झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं. निलेश साबळे, आपले डोंबिवलीचे भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे, सागर कारंडे. थुकरटवाडीत नव्या सिनेमाची टीम पाहुणी म्हणून बसायची आणि त्यांच्याच सिनेमाचं विडंबन त्यांच्याचसमोर व्हायचं. भाऊ नुसते येऊन उभे राहिले तरी मी हसतो, त्याबद्दल वाद नाही. पण पाहुणा सोफ्यावर, सिनेमा येत्या शुक्रवारचा... टोमणा बोथट होणारच. ती जाहिरातही होती, आणि कुणी ते लपवलंही नाही. दुसरं म्हणजे तिथे मूळ सिनेमा दिसत नाही, दिसते ती त्याची नक्कल.

जोएलच्या कार्यक्रमात पाहुणा नाही, म्हणजे भीड नाही. पण मग एक प्रश्न मला छळतो. जो समोर नाही त्याला असं हसावं का? 'रोबोट मॉन्स्टर'नंतर टकरला काम मिळेना. डिसेंबर १९५३ मध्ये त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला, आणि सुदैवाने वाचला. हे कळल्यावर तो भाग मी परत लावला. हसू येईल की नाही याची धास्ती होती. आलं. कारण जोएल आणि यंत्रमानव टकरला हसत नाहीत, फुग्यांना हसतात, टेकडीला हसतात. आणि त्यासाठी त्यांनी तो सिनेमा पुन्हा पुन्हा, फ्रेम न फ्रेम बघितलाय. इतक्या मन लावून तो १९५३ साली कुणी बघितला असेल असं मला वाटत नाही. त्यांच्यामुळेच तो माझ्यापर्यंत, ठाण्यापर्यंत पोचला.

टकर ३० नोव्हेंबर १९८५ ला गेला, म्हणजे कार्यक्रम सुरू होण्याच्या तीन वर्षं आधीच. त्याआधी पडद्यामागे, संकलन आणि शूटिंगनंतरच्या कामांत त्याने चांगलं बस्तान बसवलं होतं. १९७६ चा 'किंग काँग' आठवतोय? त्याच्या कामातही टकर होता. आणि त्या खेपेला गोरिलासाठी पैशांची कमतरता नव्हती.