एलीयाला देव रागावला नाही

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक मत वरचेवर ऐकू येते: विश्वास पक्का असेल तर नैराश्य येत नाही; आलेच, तर प्रार्थना कमी पडली किंवा सैतानाला वाट मिळाली. साक्षीच्या वेळी कोणी गोळ्या सोडल्याचे सांगतो आणि सभा ‘हालेलुया’ म्हणते. ज्याच्या गोळ्या चालू आहेत तो मागच्या बाकावर गप्प बसतो. या मताला शास्त्राधार दाखवला जातो. चिंता करू नका, असे पौल फिलिप्पैकरांना बजावतो. येशूही कित्येकांच्या बरे होण्याचे श्रेय त्यांच्या विश्वासाला देतो.

आधी पौलाचेच पाहू. चिंतेविषयीची आज्ञा पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. दुसऱ्या अध्यायात तोच पौल सांगतो, की सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला नसता तर आपल्या दुःखात दुःखाची भर पडली असती; आता त्याला परत धाडतो आहे तो आपलाही भार हलका व्हावा म्हणून. म्हणजे ती आज्ञा बंदिवासातून दिलेला धीर आहे, आजाऱ्याला लावायची कसोटी नव्हे. कफर्णहूमात छप्पर उसकून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या बाबतीत तर येशूने विश्वास पाहिला तो त्याला आणणाऱ्यांचाही. आणि मत्तयाच्या चौथ्या अध्यायात भूतग्रस्त, फेफरेकरी व पक्षाघाती वेगवेगळे मोजले आहेत. सगळे दुखणे भुताच्या खाती टाकण्याची घाई शुभवर्तमानाला नाही.

आता एलीया. कर्मेल डोंगरावर नुकताच जिंकलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. तो खातो, पुन्हा आडवा होतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो: आणखी खा, पुढची वाट तुला झेपायची नाही. पश्चात्ताप कर, उपास धर, असे एक अक्षर नाही. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न येतो तो होरेबावर, चाळीस दिवसांची वाटचाल झाल्यावर.

प्रतिपक्ष म्हणेल, एलीया शेवटी उभा राहिलाच की! पण सगळेच उभे राहत नाहीत. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, तरी ते उपासनेच्या पुस्तकातून कोणी वगळले नाही. इंग्रज कवी विल्यम कूपरचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १७६३ मध्ये तो आत्महत्येच्या टोकाला गेला. सेंट ऑल्बन्सला डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्या रुग्णालयात राहिला आणि तिथेच १७६४ मध्ये त्याला विश्वास गवसला. १७७३ मध्ये दुखणे उलटले. देवाने आपल्याला टाकले, ही समजूत १८०० मध्ये मरेपर्यंत सुटली नाही. १७७९ च्या ‘ऑल्नी हिम्स’मधली त्याची गीते मात्र आजही चर्चमध्ये गायली जातात. धर्माने त्याला वेडे केले म्हणणाऱ्यांनी सालांचा क्रम पाहावा: दुखणे आधी, विश्वास मागून. विश्वासाने दुखणे जातेच म्हणणाऱ्यांनीही तोच क्रम पुढे वाचावा.

मग विश्वासाचे काम काय? १७७३ मध्ये कूपर ढासळला तेव्हा ऑल्नीचे पाळक जॉन न्यूटन यांनी त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. न्यूटन स्वतः देवावर भिस्त ठेवणारे होते, तरी त्या भिस्तीचा पुरावा त्यांनी आजाऱ्याकडे मागितला नाही. प्रार्थना टिकायला बळ देते, एकटेपण कमी करते. एवढे मी आनंदाने मान्य करतो. पण तिच्या नावाने डॉक्टर आणि औषध बंद करायला सांगणे, हे पौलालाही पटले नसते: तीमथ्याच्या पोटासाठी त्यानेच थोडा द्राक्षारस सुचवला आणि लूक वैद्याला प्रिय म्हटले.

दुखण्यामागे काही गुप्त पाप असणार, हा तर्क ईयोबाच्या मित्रांनीही लढवला होता. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग भडकला तो त्या मित्रांवर, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागली ती ईयोबाला.