दहशतवादाच्या तीन व्याख्या

ता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत कलेक्टर जॅक्सन यांस गोळ्या घालून ठार करणारा अनंत लक्ष्मण कान्हेरे हा औरंगाबादेंत शिकलेला तरुण. ज्या शहरांत आज उस्मानपुऱ्यासारख्या वस्त्या गजबजल्या आहेत, तें त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें व नाशिक इंग्रजी मुलुखांत. कान्हेऱ्यांनीं राज्याची सीमा ओलांडली. पिस्तूल तर लंडनहून सावरकरांनीं पाठविलेलें, असा सरकारपक्षाचा आरोप. तरीहि प्रकरण आंतरराष्ट्रीय ठरलें नाहीं. संस्थान सार्वभौम नव्हे आणि लंडन व मुंबई हीं एकाच साम्राज्याचीं शहरें, हा त्या काळचा कायदा.

इंग्लंडजवळ मापें दोन होतीं. १८७० च्या कायद्याप्रमाणें राजकीय अपराधी परराष्ट्राच्या स्वाधीन करावयाचा नसे. स्वित्झर्लंडमधील एका बंडांत सरकारी सभासदास गोळी घालणारा कास्तिओनी लंडनला पळून आला, तेव्हां कृत्य राजकीय उठावाचा भाग होतें म्हणून १८९० सालीं न्यायालयानें त्यास अभय दिलें. सावरकरांना मात्र साम्राज्यांतर्गत फरारी लोकांसंबंधींचा १८८१ चा कायदा लावण्यांत आला. त्यांत राजकीय अपराधाचा अपवादच नव्हता!

ता. ८ जुलै १९१० रोजीं मार्सेय बंदरांत सावरकरांनीं ‘मोरिया’ बोटींतून उडी घेतली. फ्रेंच भूमीवरच्या त्या थोड्या क्षणांनीं प्रश्न आंतरराष्ट्रीय झाला. पण हेगच्या लवादानें ता. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं, स्वाधीन करण्याच्या रीतींत दोष असला तरी कैदी परत देण्याचें बंधन इंग्लंडवर नाहीं, असा निवाडा दिला. अपराध राजकीय कीं नाहीं, हें अनिर्णितच राहिलें.

त्याच मार्सेय शहरांत ता. ९ ऑक्टोबर १९३४ रोजीं युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर यांची हत्या झाली. अपराध राजकीय म्हणून इटलीच्या न्यायालयानें संशयितांना फ्रान्सच्या हवालीं करण्याचें नाकारलें. तेव्हां राष्ट्रसंघानें नवी व्याख्या बांधली. राज्याविरुद्ध केलेलें व व्यक्तींच्या, समूहाच्या वा जनतेच्या मनांत दहशत उत्पन्न करण्याच्या हेतूनें केलेलें गुन्हेगारी कृत्य म्हणजे दहशतवाद. ता. १६ नोव्हेंबर १९३७ च्या या करारावर चोवीस राष्ट्रांनीं सह्या केल्या, ब्रिटननें मात्र केली नाहीं. पुढें त्यास संमति देणारा देश एकच, तो हिंदुस्थान, १९४१ सालीं. त्या वेळीं हिंदुस्थानच्या नांवानें बोलणारें सरकार परकीय होतें, हें विसरतां येत नाहीं. तो करार कधींच अमलांत आला नाहीं.

१९९९ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें दहशतवादास पैसा पुरविण्याविरुद्ध केलेल्या करारांत दृष्टि पालटली. जनतेस भिवविण्यासाठीं किंवा सरकारास वांकविण्यासाठीं नागरिकांचा प्राण घेणें, हें तेथें गमक ठरलें. भारतानें १९९६ सालीं सुचविलेला सर्वसमावेशक करार मात्र परकीय सत्तेविरुद्धचा लढा व राज्यांच्या सैन्यांचीं कृत्यें या वादांत अडकून पडला आहे.

नाशिकची घटना या तीन मापांनीं मोजावी. पहिलें विचारतें, उठाव चालू होता काय? दुसरें विचारतें, घाव राज्यावर होता काय? तिसरें विचारतें, मेला तो नागरिक होता काय? पहिल्यानें बंडखोर वांचतो, दुसऱ्यानें राज्य, तिसऱ्यानें निःशस्त्र माणूस. म्हणून तिसरें अधिक न्याय्य. परंतु कास्तिओनीस एक कायदा व सावरकरांस दुसरा, असा भेद राहिला तर उत्तम व्याख्याहि सत्तेच्या हातांतील काठीच ठरते.