मूकविनोदपट, घरगुती व्हिडिओवरील

बोलपटापूर्वीच्या विनोदी चित्रपटांच्या घरी पाहण्यासाठी निघालेल्या आवृत्त्या. आधी व्हीएचएस कॅसेट, पुढे व्हीसीडी आणि डीव्हीडी. या रूपात नांदेड-लातूरच्या प्रेक्षकाला मुख्यतः चार्ली चॅप्लिन भेटला. त्यामुळे मूकविनोद ही सर्वस्वी परदेशी चीज आहे असा समज होतो, पण तो खरा नाही. नांदेड आणि लातूर हे दोन्ही भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि त्या संस्थानाच्या राजधानीत धीरेंद्रनाथ गांगुली यांनी १९२२ मध्ये लोटस फिल्म कंपनी काढली. विलायतेहून परतलेल्या बाबूची टर उडवणाऱ्या ‘बिलात फेरत’ (१९२१) या चित्रपटाने कलकत्त्यात त्यांचे नाव झालेले होते. हैदराबादेत त्यांनी ‘द लेडी टीचर’, ‘द मॅरेज टॉनिक’ असे चित्रपट केले. १९२४ मध्ये ‘रझिया बेगम’ दाखवल्याचे निमित्त झाले आणि निजामाने त्यांना संस्थानाबाहेर घालवले. लोटसचे ते चित्रपट आता पाहायला मिळत नाहीत, मग त्यांची डिस्क कुठून निघणार?

गांगुली बंगाली, त्यांचा मराठवाड्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. लातूरपुरते त्यात थोडे तथ्य आहे, कारण बार्शी लाइट रेल्वेने ते गाव मुंबईकडच्या बाजारपेठेशी जोडले होते. नांदेड मात्र मनमाड–सिकंदराबाद मार्गावरचे. त्याची राजधानी सर्वार्थाने हैदराबाद. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जे उत्तम होते तेच टिकले. पण बस्टर कीटनसारख्या विनोदवीराच्या काही चित्रपटांच्या प्रतीही त्याच्या जुन्या घरात, पुढे तेथे राहायला आलेल्या जेम्स मेसन या नटाला सापडल्या. तो योगायोग होता, गुणवत्तेचा निवाडा नव्हे. भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले आणि त्यांतले जेमतेम काही डझन उरले. उरलेल्यांत कालीपद दास यांचा ‘जमाईबाबू’ (१९३१) हा शहरात भांबावलेल्या जावयाचा विनोदपट आहे, तोही काही सर्वश्रेष्ठ म्हणून वाचलेला नाही.

हक्कांचा भाग याहून सरळ आहे. भारतीय कायद्यात चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो; त्यामुळे चॅप्लिनने १९१६-१७ मध्ये म्युच्युअल कंपनीसाठी केलेले बारा लघुपट कोणीही डिस्कवर छापू शकतो. गांगुलींच्या चित्रपटांचे हक्कही असेच मोकळे आहेत, पण छापायला प्रत लागते. स्वस्त डिस्कवर चॅप्लिनचेही मूळ रूप शाबूत राहतेच असे नाही: सेकंदाला सोळा-अठरा चौकटींनी टिपलेले दृश्य पंचवीस चौकटींनी पळवले, की चाल उगाच लगबगीची होते. विनोदवीर मुद्दामच कॅमेरा हळू फिरवत हे खरे, पण किती हळू, ते ठरवण्याचे काम त्यांचे होते, डिस्क छापणाऱ्याचे नव्हे.