बॉडी लिफ्ट आणि सस्पेन्शन लिफ्ट

बॉडी लिफ्ट आणि सस्पेन्शन लिफ्ट या ऑफ-रोड वाहनाची उंची वाढवण्याच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. बॉडी लिफ्टमध्ये वाहनाची बॉडी चासीपासून वर उचलली जाते, तर सस्पेन्शन लिफ्टमध्ये चासी आणि बॉडी दोन्ही ॲक्सलपासून वर उचलली जातात. दोन्ही पद्धतींमुळे वाहन बाहेरून सारखेच उंच दिसत असले, तरी खडकाळ भूभागावरील क्षमता, स्थैर्य, खर्च आणि यांत्रिक परिणाम यांबाबत त्यांच्यात मोठा फरक आहे.

पार्श्वभूमी

वाहनाच्या खालच्या मोकळ्या जागेचा विचार करताना तीन वेगवेगळी अंतरे लक्षात घ्यावी लागतात: ॲक्सल व जमीन यांमधील अंतर, चासी व जमीन यांमधील अंतर आणि टायर व मडगार्ड यांमधील अंतर. अखंड ॲक्सल असलेल्या वाहनात डिफरन्शियलचे घर हा सहसा सर्वांत खालचा भाग असतो. ॲक्सल चाकांना जोडलेला असल्यामुळे त्याची उंची केवळ टायरच्या त्रिज्येवर अवलंबून असते. त्यामुळे कोणत्याही लिफ्टने ॲक्सलखालील जागा थेट वाढत नाही. लिफ्टमुळे मोठा टायर बसवता येतो, आणि टायरचा व्यास जितका वाढतो त्याच्या निम्म्याने ॲक्सल उंच होतो.

बॉडी लिफ्ट

ही पद्धत स्वतंत्र चासी असलेल्या वाहनांनाच लागू पडते. अशा वाहनात बॉडी ही रबरी माउंटच्या आधारे बोल्टने चासीवर बसवलेली असते. हे बोल्ट काढून बॉडी व चासी यांच्यामध्ये नायलॉन, पॉलियुरेथेन किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे घातले जातात व अधिक लांबीचे बोल्ट वापरले जातात. ठोकळ्यांची उंची सामान्यतः १ ते ३ इंच असते. महिंद्रा थार, सुझुकी जिमनी व जीप रँग्लर ही स्वतंत्र चासी असलेल्या वाहनांची उदाहरणे होत. मोनोकॉक रचनेच्या वाहनात बॉडी व चासी एकसंध असल्याने ही पद्धत वापरता येत नाही.

बॉडी लिफ्टनंतर इंजिन, गिअरबॉक्स, चासी आणि सस्पेन्शन मूळ जागीच राहतात. त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचे कोन व वाहन चालवतानाचा अनुभव फारसा बदलत नाही आणि खर्चही कमी येतो. मात्र बॉडी व चासी यांना जोडणारे सर्व भाग ताणले जातात. स्टीअरिंग शाफ्ट, इंधन भरण्याची नळी, गिअर व ट्रान्सफर केसचे दांडे, ब्रेकच्या नळ्या, विद्युत तारा आणि रेडिएटरच्या पंख्याभोवतीचे आवरण यांची तपासणी व आवश्यक तेथे फेरजोडणी करावी लागते. बंपर चासीला जोडलेला असल्यास तो खालीच राहून बॉडीखाली फट दिसते. ठोकळे जितके उंच, तितका बोल्ट व माउंट यांवरील वाकवणारा ताण वाढतो.

सस्पेन्शन लिफ्ट

या पद्धतीत अधिक लांबीच्या कॉइल स्प्रिंग, अधिक बाक असलेले पाटे, लांब शॅकल किंवा स्प्रिंगवर बसवलेले स्पेसर यांद्वारे चासी वर उचलली जाते. पाटे ॲक्सलच्या खाली असलेल्या वाहनांत ते ॲक्सलच्या वर बसवण्याचाही प्रघात आहे; सुझुकी सामुराई या वाहनात हा बदल विशेष लोकप्रिय झाला. उंचीच्या प्रमाणात लांब शॉक ॲब्सॉर्बर व ब्रेकच्या लवचीक नळ्याही बदलाव्या लागतात.

चासी उंच झाल्याने वाहनाचे पुढील, मागील आणि मधले, असे तिन्ही कोन सुधारतात. उदाहरणार्थ, २४०० मिमी व्हीलबेस आणि मध्यभागी २५० मिमी मोकळी जागा असलेल्या वाहनाचा मधला कोन, टायरची त्रिज्या विचारात न घेता, सुमारे २३.५° येतो. ५० मिमी सस्पेन्शन लिफ्टनंतर तो सुमारे २८° होतो. तेवढ्याच बॉडी लिफ्टनंतर तो बदलत नाही. योग्य रचनेत चाकांची वर-खाली हालचालही वाढते आणि खाचखळग्यांत चारही चाके जमिनीला टेकून राहण्यास मदत होते. केवळ स्पेसर घातल्यास मात्र हा लाभ मिळत नाही.

या पद्धतीचे यांत्रिक दुष्परिणाम अधिक आहेत. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून युनिव्हर्सल जॉइंट लवकर झिजतात व कंप जाणवतो. कॅस्टर कोन कमी झाल्याने स्टीअरिंग सरळ रेषेत स्थिर राहत नाही. पॅनहार्ड रॉड असल्यास ॲक्सल एका बाजूस सरकतो. स्वतंत्र पुढील सस्पेन्शन असलेल्या वाहनांत सीव्ही जॉइंटवर ताण येतो. हे दोष दूर करण्यासाठी पूरक सुटे भाग लागतात व त्यामुळे खर्च वाढतो.

स्थैर्यावरील परिणाम

दोन्ही पद्धतींमुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि वाहन उलटण्याची शक्यता वाढते. चाकांमधील आडव्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागल्यास स्थैर्य गुणांक मिळतो. तो जितका कमी, तितका धोका अधिक. चाकांमधील अंतर १५०० मिमी व गुरुत्वमध्य ७०० मिमी उंचीवर मानल्यास गुणांक १.०७ येतो. ७५ मिमी बॉडी लिफ्टमध्ये एकूण वजनाचा ४० टक्के भाग वर गेल्यास गुरुत्वमध्य ३० मिमी चढतो व गुणांक १.०३ होतो. तेवढ्याच सस्पेन्शन लिफ्टमध्ये ८० टक्के वजन वर गेल्यास तो ६० मिमी चढतो व गुणांक ०.९९ होतो. मोठ्या टायरमुळे संपूर्ण वाहनच उंच होत असल्याने यात आणखी घट होते. शिवाय मोठ्या व जड टायरमुळे थांबण्याचे अंतर वाढू शकते आणि वेगमापक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो.

निवडीचे निकष

केवळ थोडा मोठा टायर मडगार्डला घासू नये एवढाच हेतू असल्यास लहान बॉडी लिफ्ट पुरेशी ठरते. खडक, चढ व खोल चाकोऱ्यांतून वारंवार जायचे असल्यास सस्पेन्शन लिफ्ट अधिक उपयुक्त असते. काही वेळा दोन्हींचा मेळ घातला जातो: १ इंच बॉडी लिफ्टमुळे मिळालेल्या जागेत गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस वर सरकवून वाहनाचा तळ सपाट केला जातो. दोन्ही बाबतींत गरजेपुरतीच उंची वाढवणे स्थैर्याच्या दृष्टीने हितावह असते.

भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद अधोरेखित केली. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.