दस्तऐवज वाचून दाखविणारा माणूस

तालुक्याच्या कचेरीबाहेर झाडाखाली टेबल मांडून बसलेला अर्ज लिहिणारा आपण सर्वांनीच पाहिला आहे. तो वकील नसतो, अंमलदारही नसतो. पण खेडुताची आणि कायद्याची पहिली गाठ पुष्कळदा त्याच्याच टेबलापाशी पडते. कायद्याच्या कामात असा मदतीचा हात देणाऱ्या, पण स्वतः वकील नसलेल्या जाणकाराला आज ‘पॅरालीगल’ म्हणतात. शब्द नवा आहे, गरज मात्र जुनी आहे. किती जुनी, ते पाहू.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कागद. कर्जरोखे हाती लागले, तेथे त्यांची होळी झाली. दंग्याचे लोण मग पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. कागदावरच एवढा राग का बरे? रोखा लिहिणारा सावकाराचा माणूस, लिपी मोडी, आणि कुणब्याच्या वाट्याला खाली नांगराची निशाणी तेवढी! वर काय लिहिले आहे, ते त्याला कळायचे जप्ती दारात आल्यावर.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो प्रथम होता. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. शेतकऱ्याचा रोखा गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहायचा, सर्वांदेखत मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि मगच त्यावर सही-निशाणी करायची. असे न झालेला रोखा कोर्टात पुराव्याला चालत नसे. सावकारी त्याने संपली नाही, हे खरे. पण गरिबाला कागद समजला पाहिजे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले.

त्याच साली झालेल्या वकिलीच्या कायद्याने मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या नागपूरकडे, वकिलांच्या जोडीला मुखत्यारांनाही सनदा मिळू लागल्या. पण कोर्टाच्या आवारात दलालही वाढले, इतके की पुढे त्यांच्या याद्या करण्याची तरतूद कायद्यात घालावी लागली. म्हणजे पाहा, अडलेल्याला वाट दाखविणारा आणि अडलेल्याला लुबाडणारा, दोघे एकाच ओट्यावर बसत. १९६१ च्या ॲडव्होकेट कायद्यानंतर वकिलांचा एकच वर्ग राहिला आणि मुखत्यारीचा काळ संपला.

गरज काही संपली नाही. १९४९ मध्ये मुंबई सरकारने गरिबांना कायद्याची मदत कशी द्यावी, हे पाहण्यासाठी न्यायमूर्ती न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेविषयक साहाय्य राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, आणि २००९ मध्ये पॅरालीगल स्वयंसेवकांची योजना निघाली. या योजनेत शिक्षकांना, निवृत्त शिक्षकांनासुद्धा, जागा आहे, हे शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी ध्यानात ठेवावे. निवड आणि प्रशिक्षण जिल्हा आणि तालुका पातळीवर होते. हे काम मानधनाचे, पगारी नोकरी नव्हे. चरितार्थासाठी ज्याला हा मार्ग धरायचा आहे, त्याने वकिलाच्या कार्यालयात किंवा एखाद्या कंपनीच्या विधी विभागात उमेदवारी करावी.

मग या धंद्यात यश कशाने येते? तारखा चुकवू नयेत. प्रत्येक कागदाची नक्कल ठेवावी. पक्षकाराचे गुपित चावडीवर बोलू नये. आपली मर्यादा ओळखावी : कोर्टात बाजू मांडणे हे वकिलाचे काम आहे, तेथे आपण थांबावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समोरच्याची सही घेण्यापूर्वी कागद त्याला सावकाश वाचून दाखवावा, त्याच्या बोलीत समजावून सांगावा, आणि “काय समजलं, सांगा बरं” असे विचारावे.

सुप्याला जे कागद जळाले, ते असे कुणी वाचून दाखविले असते तर? इतिहासात ‘जर-तर’ला उत्तर नसते. पण आज एखादी म्हातारी वारसनोंदीचा कागद घेऊन आपल्या ओट्यावर आली, तर तिला चष्मा लावून तो वाचून दाखविणे आपल्या हाती आहे. लोक पुन्हा त्याच ओट्यावर येतात, जेथे त्यांना कागद कळलेला असतो.